चावडीवरची चुगली आणि जनसुरक्षेचा कायदा

गांवांत चोर शिरला तर ओरडावें, गंजीला आग लागली तर घागर घेऊन धांवावें, हें शेतकऱ्याच्या पोराला शिकवावें लागत नाहीं. तें त्याच्या अंगांत असतें. परंतु ओरडणें वेगळें आणि चुगली करणें वेगळें. ओरडणारा माणूस उजेडांत उभा राहतो, आपलें नांव सांगतो, आणि डोळ्यांनीं काय पाहिलें तें बोलतो. चुगलखोर अंधारांतून जातो, नांव लपवितो, आणि आपल्या मनांत काय आलें तें दुसऱ्याच्या कानांत ओततो. पहिल्यानें गांव राखला जातो, दुसऱ्यानें गांव फुटतो. हा फरक आमच्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या आयाबहिणींना पक्का ठाऊक आहे. तो सरकारच्या कायद्याला ठाऊक आहे काय, एवढेंच मला आज विचारावयाचें आहे.

निमित्त असें. जुलै २०२५ मध्यें आपल्या राज्याच्या विधिमंडळानें विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलें. तारीख १० रोजीं तें विधानसभेंत झालें, ११ रोजीं विधान परिषदेंत झालें. विधानसभेंत उभें राहून उघड विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोले या एकट्या आमदारानें. शेतकऱ्यांच्या नांवानें मतें मागून गेलेले बाकीचे शेंकडों प्रतिनिधी त्या दिवशीं काय करीत होते, हें ज्याचें त्यानें आपल्या आमदाराला विचारावें. पेरणीचे दिवस होते. आपण तिफणीमागें होतों, आणि तिकडे आपल्या सभेचा, मोर्चाचा, भाषणाचा कायदा पास होत होता.

आधीं सरकारची बाजू नीट ऐकून घेऊं. न ऐकतां शिव्या देणें हें सत्य शोधणाराचें काम नव्हे. सरकार म्हणतें, बंदूक घेऊन जंगलांत बसलेल्यांना शहरांतून आणि गांवांतून मदत जाते. तिच्यावर नजर ठेवावी लागते, ती तोडावी लागते, आणि त्यासाठीं वेगळा कायदा पाहिजे. छत्तीसगड, आंध्र, तेलंगण आणि ओडिशा या राज्यांनीं तो केला आहे, मग महाराष्ट्रानें कां करूं नये? हें बोलणें सर्वस्वी खोटें नाहीं. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्र दिनींच, गडचिरोली जिल्ह्यांत जांभुळखेडा येथें सुरुंगाच्या स्फोटांत १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. पोलीस शिपाई म्हणजे कोणा सावकाराचा मुलगा नव्हे. तो बहुधा आपल्यासारख्याच दोन एकरवाल्याच्या घरचा असतो. आणि त्याच जिल्ह्यांत ‘पोलिसांचा खबऱ्या’ असा शिक्का मारून रानांतल्या गरीब आदिवासींना रात्रीं घरांतून ओढून नेऊन मारलें, तेंही जनसुरक्षाच मोडणारें होतें. ज्यांनीं तें केलें त्यांनीं चौकशी केली नाहीं, साक्ष घेतली नाहीं. चुगलीवर विश्वास ठेवला आणि माणूस मारला. तेव्हां बंदुकीच्या राज्याचा कैवार मी घेणार नाहीं, आणि कोणीही शेतकऱ्यानें घेऊं नये.

पण प्रश्न असा कीं, खून, स्फोट, दरोडा यांची खबर देण्याला आजवर कायदा नव्हता काय? होता, आणि आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून चालू झाली. तिच्या ३३ व्या कलमानें खून, दरोडा, राज्याविरुद्धचे गुन्हे यांची माहिती ज्याला कळेल त्यानें ती जवळच्या अधिकाऱ्याला द्यावी, असें बंधन प्रत्येक माणसावर आहे. ३४ वें कलम गांवच्या कामगारांवर तेंच ओझें अधिक घालतें. हीं कलमें नवीं नाहींत. जुन्या फौजदारी संहितेंतही तीं होतीं. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणें सार्वजनिक शांततेला बाध येईल अशी खबर गोळा करून ठाण्याला पोंचविणें हें पोलीस पाटलाचें कामच आहे. बेकायदेशीर कृत्यांचा केंद्राचा कायदा १९६७ सालचा. त्यांत २००४, २००८, २०१२ आणि २०१९ सालीं भर पडली. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानें त्या कायद्याखालीं मागितलेली माहिती जाणूनबुजून न दिली तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे विहिरीवर पहारा आहे, पहाऱ्यावर दुसरा पहारा आहे, आणि त्याच्यावर तिसरा आहे. मग हा चौथा पहारेकरी कशासाठीं?

उत्तर कायद्याच्या शब्दांत आहे. पहिले तीन पहारेकरी मुख्यतः माणसानें काय केलें तें पाहतात. चौथा त्याच्या तोंडाकडे पाहतो. या विधेयकांतील ‘बेकायदेशीर कृत्य’ याची व्याख्या वाचा. बोललेले शब्द, लिहिलेले शब्द, खुणा, चित्रें, सर्व तिच्यांत येतात. सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका तर आहेच. पण सुव्यवस्थेंत अडथळा येण्याकडे ज्याचा ‘कल’ आहे तेंही त्यांत आहे. कायद्याच्या अंमलबजावणींत आणि सरकारी संस्थांच्या कामांत आडवें येणें त्यांत आहे. प्रस्थापित कायदा न पाळण्याचा उपदेश करणें त्यांत आहे. सुरुंग पेरणें त्यांत आहे हें ठीक. पण सुरुंग आणि उपदेश एकाच दाव्याला कां बांधले?

शेतकरी बांधवांनो, आपल्या गांवाचा अनुभव त्या व्याख्येवर धरून पाहा. कालव्याचें पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोंचत नाहीं म्हणून बायाबापड्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीसमोर बसल्या, तर सरकारी संस्थेच्या कामांत अडथळा झाला कीं नाहीं? कांद्याला भाव नाहीं म्हणून पोरांनीं रस्त्यावर ट्रॉली आडवी लावली, तर सुव्यवस्थेला बाध आला कीं नाहीं? मोजणीला आलेल्या अमीनाला ‘आधीं मोबदला सांगा, मग साखळी टाका’ असें म्हटलें, तर तो उपदेश झाला कीं नाहीं? १९३० सालीं चिरनेरच्या आणि बिळाशीच्या रानांत आमच्या बापजाद्यांनीं जंगल सत्याग्रह केला. आज त्यांचे हुतात्मे म्हणून स्तंभ उभे आहेत, आणि मंत्री तेथें हार घालतात. त्या दिवसाच्या कायद्याच्या तोंडीं ते काय होते? कायदा न पाळण्याचा उपदेश करणारेच होते.

शिक्षा ऐका. बंदी घातलेल्या संघटनेचा सभासद असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सभासद नसून वर्गणी दिली किंवा घरांत आसरा दिला तर दोन वर्षें आणि दोन लाख. बेकायदेशीर कृत्य केलें किंवा त्यास चिथावणी दिली तर सात वर्षें आणि पांच लाख. गुन्हा दखलपात्र आहे आणि अजामीनपात्र आहे. सुताराला, कुंभाराला, कोरडवाहू शेतकऱ्याला दोन लाख दंड म्हणजे काय, हें मुंबईच्या सभागृहांतल्या गाद्यांवरून कळत नाहीं. आपल्याकडे दारावर कोणी भाकरीला आला तर त्याची संघटना विचारून मग भाकर द्यावयाची, अशी रीत कधीं नव्हती. ती आतां पाडावी लागेल काय?

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही उगाच बागुलबुवा दाखवितां. निरपराध्याला भय कसलें? याचें उत्तर मी तर्कानें देत नाहीं, घडलेल्या गोष्टींनीं देतों.

पहिली गोष्ट. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ पासून तो आपल्या मुंबई इलाख्यांतही लागू झाला. त्या कायद्यानें माणसाचें कृत्य पाहिलें नाहीं, जन्म पाहिला. पारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी अशा जातींचीं मुलें पाळण्यांत असतांनाच गुन्हेगार ठरलीं. हजेरी द्यावयाची, गांव सोडावयाचा तर परवाना घ्यावयाचा, परक्या गांवीं गेलें तर तेथल्या पाटलाला वर्दी द्यावयाची. सोलापुरास तर तारेच्या कुंपणांत त्यांची वसाहतच होती. नजर ठेवणें आणि वर्दी देणें हेंच त्या कायद्याचें सर्व शरीर होतें, आणि तेंही सुरक्षेच्याच नांवानें. त्यानें चोऱ्या थांबल्या नाहींत. पण पोटासाठीं कामधंदा शोधणारा माणूस मात्र जन्माचा कैदी झाला. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. त्यांनीं पारध्यांना हांकलून न देतां कामाला लावलें. ज्याला चोर म्हणून कोंडावयाचें त्याच्या हातीं काम दिलें तर तो राखणदार होतो, हें त्या राजानें करून दाखविलें. बाकीच्या देशांत तो कायदा जावयाला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावें लागलें.

कायदा गेला, पण शिक्का गेला काय? माझ्या शाळेंत पालावरचीं दोन मुलें येत असत. आसपास कोठें चोरी झाली कीं तीं दोन दिवस दिसत नसत. एकदां तिसऱ्या दिवशीं आलेल्या धाकट्याला मीं विचारलें, ‘काय रे, कोठें होतास?’ त्यानें ‘आजारी होतों’ असें सांगितलें नाहीं, ‘बापाबरोबर होतों’ असें सांगितलें नाहीं. तो म्हणाला, ‘गुरुजी, आम्ही काय केलं नाय.’ सात वर्षांचें पोर! मीं फळ्यावर लिहिलेला धडा त्या दिवशीं पुढें चालविला नाहीं. सरकारी कागदावरून पुसलेला शब्द तीन पिढ्या पोराच्या जिभेवर राहतो, हा धडा मलाच त्यानें दिला.

दुसरी गोष्ट. १९८५ सालीं देशांत टाडा आला. दहशतवाद मोडण्यासाठींच आला, दोन वर्षांपुरताच आला, आणि मुदत वाढत वाढत १९९५ पर्यंत राहिला. त्या दहा वर्षांत ७५ हजारांहून अधिक लोक धरले गेले, आणि शिक्षा शाबीत झाली ती धरलेल्या शंभरांत दोघांवरही नाहीं. उरलेल्यांचीं तुरुंगांतलीं वर्षें, पडीक राहिलेलीं शेतें, विकलेलीं जनावरें, मोडलेलीं लग्नें, यांचा हिशोब कोणत्या दप्तरांत आहे? पुढें २००२ सालीं पोटा आला. त्याच्या आधींच्या वटहुकुमांत, माहिती ठाऊक असून न कळविणाऱ्याला कैद, असें एक कलम होतें. वृत्तपत्रवाल्यांनीं ओरड केली म्हणून कायदा होतांना तें गळालें, आणि २००४ सालीं सबंध पोटाच रद्द झाला. ओरड केली तर कलम गळतें, हें यांतून शिकावें.

तिसरी गोष्ट शेजारची आणि ताजी. ज्या छत्तीसगडचा दाखला आपलें सरकार देतें, तेथें असाच कायदा २००५ सालापासून आहे. त्या कायद्याखालीं ऑक्टोबर २०२४ मध्यें मूलवासी बचाव मंच या आदिवासी तरुणांच्या संघटनेवर एक वर्षाची बंदी आली. कारण काय दिलें? सुरुंग नव्हे, खून नव्हे. विकासकामांना आणि पोलिसांच्या छावण्या उभारण्याला विरोध केला, लोकांना चिथावलें, असें कारण दिलें. रानांत रस्ता हवा कीं नको, यावर माझें मत वेगळें असूं शकेल. पण रस्ता नको म्हणणें हाच जर गुन्हा, तर कालवा हवा म्हणणें गुन्हा व्हावयास किती वेळ लागतो?

खबर वर कशी चढते, तेंही पाहूं. गेल्या सालीं आमच्या भागांत पाण्याच्या पाळीसाठीं मारुतीच्या देवळांत रात्रीं बैठक झाली. दिवसा माणसें रानांत, म्हणून रात्रीं. कोणींतरी कानाला लागलें, ‘रात्रीं गुप्त सभा भरते, बाहेरचीं माणसें येतात.’ बाहेरचीं माणसें म्हणजे शेजारच्या वाडीचे चार जण. दुसऱ्या दिवशीं तिघां पोरांना ठाण्यावर बोलावणें आलें. मारहाण झाली नाहीं, शिवीगाळ झाली नाहीं. चहा देऊन नांव, पत्ता, भ्रमणध्वनीचा क्रमांक लिहून घेतला आणि सोडलें. पण पुढच्या बैठकीला चाळीसांच्या जागीं अकरा जण आले, आणि पाण्याची पाळी ज्याच्या खिशांत होती त्याच्याच खिशांत राहिली. साहेबाचा हेतु वाईट होता असें मी म्हणत नाहीं. वर्दी आली, त्यानें नोंद केली. पण वर्दी देणाराचें नांव आजतागायत कोणास ठाऊक नाहीं, आणि खोटी ठरली म्हणून त्याचें कांहीं वांकडें झालें नाहीं. ही गोष्ट साध्या कायद्याच्या अंमलांतली. सात वर्षांची कैद असलेला कायदा पाठीशीं असता तर अकराही आले नसते. जात्यांतले रडतात आणि सुपांतले हंसतात. पण सुपांतल्यांनाही जात्यांतच जावयाचें आहे.

आतां न्यायाची गोष्ट न्यायानें बोलावी. विधेयक २०२४ सालीं पहिल्यानें आलें तेव्हां तें याहून उग्र होतें. लोकांनीं बारा हजारांवर सूचना पाठविल्या, दोन्ही सभागृहांच्या समितीनें त्या पाहिल्या, आणि कांहीं दात घांसले गेले. आतां कायद्याच्या नांवांत ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना’ असा शब्द आहे. तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करणार नाहीं. बंदीला सल्लागार मंडळाची संमति लागेल आणि त्या मंडळावर उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश अध्यक्ष असेल. हें चांगलें झालें, आणि तें ओरडणाऱ्यांमुळें झालें. पण ‘तत्सम’ म्हणजे कोण? पारध्यासारखा दिसला तो पारधी, असाच तो शब्द आहे. मंडळावर सरकारी वकीलही बसणार. म्हणजे वादीचा माणूस पंचांत. सार्वजनिक हिताला बाध येतो असें वाटलें तर बंदीमागची एखादी हकीकत सरकारला झांकूनही ठेवतां येते; मग ज्याच्यावर आरोप त्यानें उत्तर कशाला द्यावयाचें? शिवाय बंदीवर दाद मागावयाची ती खालच्या कोर्टांत नाहीं, थेट उच्च न्यायालयांत. गांवच्या भजनी मंडळाएवढ्या संघटनेनें मुंबईचा वकील कोठून आणावा?

आणि हें कोणत्या वेळीं? १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं गडचिरोलींत भूपती या नांवानें ओळखला जाणारा मोठा नक्षल पुढारी ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवून गेला. तें बंड मोडण्याला असलेले कायदे पुरले, आणि त्याहून अधिक पुरला तो लोकांनीं दिलेला नकार. गांवोगांवीं लोकांनीं बंदूकवाल्यांना शिवबंदी केली ती भयानें नव्हे, कंटाळून. लोकांचा भरंवसा हीच पोलिसांची मोठी चौकी आहे. जो माणूस ठाण्याला भितो तो खरी खबरही देत नाहीं. चुगलखोर मात्र रोज जातो. म्हणजे कायद्यानें खबर वाढत नाहीं, कचरा वाढतो, आणि कचऱ्यांत खरी ठिणगी असेल तर तीही दिसत नाहीं.

मग करावें काय? सरकारला आमचें सांगणें चार गोष्टींचें आहे. व्याख्येंत हिंसा, हत्यार, स्फोट आणि त्यांस जाणूनबुजून केलेली मदत एवढेंच ठेवा. कल, उपदेश, अडथळा हे शब्द काढा. ‘तत्सम’ खोडा. निर्दोष सुटणाऱ्याला भरपाई द्या. आणि किती जणांना धरलें, किती सुटले, याचा जाबता दर वर्षीं विधिमंडळापुढें ठेवा. ज्या सरकारचें मन साफ आहे त्याला यांतलें एकही जड जाऊं नये.

आपल्या घरांसाठीं तीन गोष्टी. खरें संकट डोळ्यांनीं दिसलें तर बिलकुल गप्प बसूं नका. हत्यार, स्फोटक, खुनाची तयारी दिसली तर पोलीस पाटलाकडे, ठाण्यावर ताबडतोब जा. पण काय पाहिलें तेवढेंच सांगा, माणसाची जात, पक्ष, बोलणें सांगूं नका. सांगाल तें लिहून द्या, खालीं सही करा. दुसरी गोष्ट, भावकीच्या बांधाचा वाद सरकारच्या कानांत नेऊं नका. सूड म्हणून खोटी वर्दी देणें हा भारतीय न्याय संहितेच्या २१७ व्या कलमानें गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. हें चावडीवर मोठ्यानें वाचून दाखवा. तिसरी गोष्ट, हा कायदा मराठींत आहे, तो ग्रामसभेंत वाचा. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला शाळेंतल्या पोरानें वाचून दाखवावा. कायदा आपल्या पाठीमागें झाला हा एक अन्याय. तो आपण न वाचणें हा दुसरा, आणि तो आपला आपणच केलेला.

गांव राखावा हें खरें. पण गांव म्हणजे नुसती वेस नव्हे, वेशीच्या आंत एकमेकांशीं निर्भयपणें बोलणारीं माणसें. तीं गप्प झालीं तर राखण कशाची करावयाची? माझ्या शाळेंतलें तें धाकटें पोर आतां मोठें झालें असेल. त्याच्या पोराला कोणी ‘कोठें होतास’ असें विचारलें, तर त्यानें ‘खेळत होतों’ एवढेंच सांगावें, असें राज्य आपल्याला पाहिजे.